बेताच्या खर्चांत सेंद्रिय आहार

महिन्याच्या आरंभीं वाण्याची यादी करावयास बसलेल्या गृहिणीपुढें हल्लीं एक नवाच पेंच उभा राहतो. एका फळीवर नेहमींची तूरडाळ, शेजारच्या फळीवर ‘सेंद्रिय’ तूरडाळ. आणि दोहोंच्या किंमतींत दीडपटीचें, कधीं दुपटीचें अंतर. मुलांच्या पोटांत विषारी औषधांचा अंश जाऊं नये, ही इच्छा एकीकडे ओढते आणि ठराविक मिळकत दुसरीकडे. हा पेंच सुटण्यासारखा आहे. मात्र तो सुटतो तो पैशापेक्षां निवडीनें.

सेंद्रिय शेती म्हणजे कृत्रिम खतें व कृत्रिम कीटकनाशकें टाळून, शेणखत, कंपोस्ट आणि पिकांची फेरपालट यांच्या बळावर केलेली शेती. ही कल्पना केवळ परदेशांतून आलेली नाहीं. आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें राहून शेतांतील काडीकचरा व शेण यांपासून खत करण्याची पद्धत बसविली, आणि ती जगभर ‘इंदूर पद्धत’ या नांवानेंच ओळखली गेली. १९३१ सालीं या विषयावर निघालेल्या इंग्रजी ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीनें यशवंत वाड यांचें नांव आहे.

मग असा माल महाग कां पडतो? तण औषधानें न मारतां खुरपून काढावें लागतें. त्यास मजुरी पडते. रासायनिक शेती सोडल्यावर हंगामी पिकांस निदान दोन वर्षें आणि फळबागांस तीन वर्षें लोटल्यावांचून प्रमाणित सेंद्रिय हें नांव लावतां येत नाहीं. त्या मधल्या काळांत उत्पन्न बहुधा घटतें आणि भाव साधाच मिळतो. पुढें तपासणीचा व दाखल्याचा खर्च, दलाली आणि आकर्षक वेष्टन. यांपैकीं शेतकऱ्याच्या श्रमांचे पैसे देणें न्याय्यच होय. दलाली व वेष्टन यांचे पैसे मात्र वांचवितां येतात.

जादा किंमतीच्या मोबदल्यांत काय मिळतें, हेंही स्पष्ट असावें. २०१२ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं दोनशेंहून अधिक अभ्यास पडताळून असा निष्कर्ष काढला कीं, सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा नाहीं. त्यांत कीटकनाशकांचे अंश आढळण्याचा संभव मात्र कमी असतो. दुसरा लाभ पिकविणाऱ्याचा आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. कपाशी ताटांत येत नाहीं हें खरें. पण फवारणीचें विष ताटापूर्वीं शेतांत राबणाऱ्याच्या अंगावर पडतें, हा धडा सर्वच पिकांस लागू आहे.

म्हणून पहिला नियम असा कीं, सेंद्रिय माल घेतां यावा यासाठीं डाळ, दूध, भाजी, फळें यांचें प्रमाण कमी करूं नये. मुलांच्या पानांतील भाजी निम्मी करून ती सेंद्रिय करण्यापेक्षां साधीच भाजी वाहत्या पाण्याखालीं चोळून धुऊन पोटभर वाढणें श्रेयस्कर. धुण्यानें वरवरचे अंश बरेचसे जातात. आंत शोषलेले जात नाहींत.

दुसरा नियम निवडीचा. समजा, एका कुटुंबाचा किराणा व भाजी यांचा खर्च महिना ८,००० रुपये आहे. सर्वच माल दीडपट दरानें घेतल्यास तो १२,००० होईल, आणि बेत पहिल्याच महिन्यांत मोडेल. परंतु चौथा हिस्सा, म्हणजे २,००० रुपयांचा मालच बदलला, तर वाढ १,००० रुपयांची. तयार बिस्किटें, फरसाण व शीतपेयें यांवरील खर्च आंवरला, तर तिचा मोठा भाग पुष्कळ घरांत भरून निघेल.

हा चौथा हिस्सा कोणता असावा? ज्या पिकांवर फवारणी फार आणि जीं सालीसकट खाल्लीं जातात, तीं प्रथम घ्यावीं. भुरी व केवडा या रोगांसाठीं द्राक्षांवर, तर शेंडे व फळें पोखरणाऱ्या अळीसाठीं वांग्यांवर वारंवार औषध मारलें जातें. फ्लॉवर, मिरची व पालेभाज्या यांचाही विचार याच वर्गांत करावा. केळीं, पपई, नारळ, कांदा, लाल भोपळा यांची साल वा कवच टाकून देतात. तेथें साधा माल चालेल. नाचणी, वरी, कुळीथ व मटकी यांवर सहसा फवारणी थोडी होते. त्यांचा वापर वाढविणें ही बिनखर्चाची सुधारणा होय. पावसाळ्यांत ठाणें, पालघर व रायगड या भागांतील आदिवासी स्त्रिया टाकळा, भारंगी, करटोलीं, शेवळें बाजारांत आणतात. रानांतून खुडलेल्या या भाज्यांस खत वा औषध कोण घालणार? मात्र शेवळें घशाला खाजतात. तीं करण्याची रीत विकणारीलाच विचारून घ्यावी.

तिसरा नियम खरेदीचा. पांच-दहा बिऱ्हाडांनीं मिळून एखाद्या शेतकऱ्याकडून हंगामांत वर्षाचा गहू-तांदूळ उचलला, तर दलाली व वेष्टन दोन्ही वांचतात. धान्य कडक उन्हांत वाळवून, त्यास एरंडेलाचा हात लावून, कोरड्या डब्यांत भरण्याची आजीची रीत येथें पुन्हा कामास येते. दुकानांतून घेतांना ‘जैविक भारत’ ही मुद्रा पाहावी. २०१७ च्या नियमांनीं ती ठरविली आहे. थेट विकणाऱ्या लहान उत्पादकास त्या नियमांत सवलत आहे. म्हणून त्याच्याजवळ मुद्रा नसली तरी तो लबाड ठरत नाहीं. त्याच्या शेतावर एकदां जाऊन खताचा खड्डा पाहावा आणि किडीस काय करतां, तें विचारावें. प्रामाणिक शेतकऱ्यास या प्रश्नाचा राग येत नाहीं.

प्रारंभ एका वस्तूपासून करावा. तिचा खर्च अंगवळणीं पडला म्हणजे दुसरी घ्यावी. या रीतीनें वर्षभरांत पांच-सहा वस्तू बदलल्या, घरचें दूध-फळ कमी झालें नाहीं आणि उसनवारी करावी लागली नाहीं, तर त्या गृहिणीचा हिशेब जमला असें खुशाल समजावें.