उघड्या पत्र्याची घटका

जानेवारी 2023 मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा ठिकाणी जमलेल्या माणसांची नजर प्रथम खिळते ती रंगाच्या झळाळीवर. परंतु त्या झळाळीचे आयुष्य शेवटच्या रंगावर अवलंबून नसते. जुना रंग खरवडून पत्रा उघडा पडल्यापासून त्यावर प्राइमरचा पहिला हात चढेपर्यंत जी घटका जाते, तिच्यातच त्या आयुष्याचा निकाल लागून चुकलेला असतो. ही घटका प्रेक्षकाला दिसत नाही आणि पुष्कळदा मालकालाही तिचे महत्त्व उमगत नाही.

जुनी मोटार ही आता केवळ संस्थानिकांची मिरास राहिलेली नाही. 50 वर्षांहून अधिक वयाच्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने 2021 साली नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था केली. साहजिकच आजोबांची अँबॅसडर किंवा वडिलांची फियाट पुन्हा रस्त्यावर आणावी, अशी हौस मध्यमवर्गीय घरांतही दिसू लागली. पण अँबॅसडरचे उत्पादन 2014 साली थांबले आणि कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनी तर त्याच्या कितीतरी आधी बंद झाली. अशा गाडीचा मूळ पत्रा एकदा सडला की त्याच्या जोडीचा दुसरा मिळविणे दुरापास्त होते. म्हणून गंजाचा प्रश्न हा सौंदर्याचा नव्हे, गाडीच्या अस्तित्वाचा आहे.

गंज म्हणजे लोखंड, हवेतील प्राणवायू आणि पाणी यांचा संयोग. पाणी म्हणजे पावसाचीच सर हवी असे नाही. हवेतील आर्द्रता साधारणपणे 60 टक्क्यांच्या वर गेली की डोळ्यांना न दिसणारा ओलावा पत्र्यावर धरू लागतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. त्यात मीठ मिसळले की विचारूच नये. गोव्याच्या किनाऱ्यावरील खारा वारा हा त्याचा उघड मार्ग. कारागिराच्या घामेजलेल्या बोटांचा ठसा हा त्याचा छुपा मार्ग. ॲल्युमिनियमवर धरणारा पापुद्रा घट्ट असल्यामुळे खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. तो ओलावा आत ओढून घेतो आणि मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली राहिलेला गंजाचा एखादा कण फुगत जातो, वरचा रंग उचलतो, आणि वर्षा दोन वर्षांत देखण्या मडगार्डवर फोड उठतात.

यावरचा धडा आपल्याकडील कल्हईवाल्याने फार पूर्वीच दिलेला आहे. भांडे घासून स्वच्छ केले, तापविले, नवसागर फिरविला की तो लागलीच कथील पसरतो. घासलेले भांडे उद्यावर ठेवून तो घरी जात नाही. मोटारीच्या पत्र्यालाही हाच न्याय लागू आहे.

पण प्रत्यक्षात घडते ते उलट. उत्साहाच्या भरात सगळी गाडी एकदम सोलली जाते. मग कुठे एखादा सुटा भाग मिळत नाही, कुठे मालकाच्या खर्चाची तोंडमिळवणी होत नाही, आणि उघडा सांगाडा पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली महिनोन् महिने उभा राहतो. यावर सरळ उपाय असा की, एका बैठकीत जेवढे झाकता येईल तेवढेच उघडावे. आज बॉनेट, उद्या एक दरवाजा. कामाची गती मंद वाटली तरी तेच काम दुसऱ्यांदा करण्याची पाळी येत नाही.

पत्रा उघडल्यावर प्रथम गंज पूर्णपणे काढावा. वाळूचा जोरदार मारा जाड सांगाड्याला मानवतो, पण बॉनेट किंवा छत यांसारखा विस्तीर्ण, पातळ पत्रा त्याने वेडावाकडा होतो. तेथे रंग काढण्याचे रसायन आणि पॉलिश पेपर बरा. खड्ड्यांत रुतलेल्या गंजासाठी फॉस्फरिक आम्ल वापरतात. ते गंज विरघळविते आणि लोखंडावर स्फुरदयुक्त पातळ थर धरविते. या गुणाचा पद्धतशीर उपयोग करण्याचे पेटंट इंग्लंडमध्ये टॉमस कॉस्लेट यांनी 1906 साली घेतले. दिल्लीच्या सुमारे 1600 वर्षांच्या लोहस्तंभावर अशाच जातीचा संरक्षक थर आपोआप तयार झाला असल्याचे कानपूरच्या आय. आय. टी.तील बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनातून दिसून आले; त्या प्राचीन लोखंडातच स्फुरदाचे प्रमाण अधिक होते.

तथापि आम्ल हे दुधारी शस्त्र आहे. ते पत्र्यावर राहून गेले तर वरचा इपॉक्सी प्राइमर नीट धरत नाही. म्हणून आम्ल वापरल्यास ते उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे पूर्णपणे धुवावे आणि पत्रा ताबडतोब कोरडा करावा. गंज नसेल तर आम्लाच्या वाटेला न जाता पत्रा पॉलिश पेपरने खरबरीत करावा, तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने स्वच्छ फडक्याने पुसावा आणि हातमोजे घालून त्याच दिवशी दोन घटकांच्या इपॉक्सी प्राइमरचा हात द्यावा. हवेतील आर्द्रता 85 टक्क्यांहून अधिक असताना हे काम हाती घेऊ नये. पत्र्याचे तापमान दव धरण्याच्या तापमानापेक्षा निदान 3 अंश सेल्सिअस अधिक असावे.

लांबी भरावयाची ती या प्राइमरवर. उघड्या पत्र्यावर भरलेली लांबी ओलावा शोषते आणि गंजाला आतून आश्रय देते. पुष्कळांचा भरवसा असलेला करडा सरफेसरही सच्छिद्रच असतो. त्याच्या एकट्याच्या आधारावर गाडी पावसाळाभर उभी करणे धोक्याचे आहे. पत्रा काही दिवस उघडाच ठेवणे भाग असेल तर तेलाचा हात पुरतो, पण रंगापूर्वी त्याचा अंशही उरता कामा नये. दरवाजाच्या तळाची पाणी वाहून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत आणि रंगकाम आटोपल्यावर जेथे हात पोहोचत नाही त्या पोकळीत मेण फवारावे. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि इपॉक्सीची वाफही अपायकारक असते. म्हणून कारागिराच्या तोंडावर योग्य मुखवटा हवा. गाडी वाचवताना माणूस गमावणे हा कसला व्यवहार?

शेवटचा चकचकीत हात देणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात. पण ज्या कारागिराने संध्याकाळ झाली तरी उघडा पत्रा तसाच टाकून घरी जाण्याचे नाकारले, त्याची ती तासाभराची चिकाटी पुढे वीस पावसाळे गाडीचे रक्षण करीत असते. मालकाने मजुरी ठरविताना या न दिसणाऱ्या तासाचा हिशेब धरला, तर आजोबांची गाडी नातवाच्याही हाती धडधाकट जाईल.