डबा थेट हातात

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मघाशी १९९७ च्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत दाखवली. त्यातला मुलींचा एक नाच का गाळला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं उत्तर देते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तेव्हा थोडं माझ्या कामाचंही बोलेन.

जुनी कॅसेट मी पुण्यात कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. फाईल झाली सहा जीबीची. त्या नाचात आपली एक मैत्रीण आहे, जी आज आपल्यात नाही. तिच्या आईला फोन केला. मावशी म्हणाल्या, "मला बघू दे गं. पण माझी पोर सगळ्यांच्या मोबाईलवर फिरवू नका."

म्हणजे फाईल पूर्ण पाठवायची, आणि फक्त त्यांच्याच घरी. जीमेलला २५ एमबीपेक्षा मोठी फाईल जोडता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ दाबला जाऊन धूसर होतो, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा तर मर्यादा दोन जीबीची. फुकटच्या साइटवर चढवली, तर प्रत परक्याच्या कॉम्प्युटरवर राहते.

दुसरा रस्ता आहे. वेबआरटीसी नावाचं तंत्र गूगलने २०११ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं आणि २०२१ मध्ये ते अधिकृत मानक झालं. आपल्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये ते असतंच. फाईलपिझ्झासारखी साइट उघडायची, फाईल निवडायची, मिळालेली लिंक समोरच्याला द्यायची. साइट फक्त दोन ब्राउझरची गाठ घालून देते, स्टँडवरचा माणूस घराची वाट दाखवतो तशी. फाईल तुमच्याकडून थेट त्याच्याकडे जाते, तीही कुलूपबंद. कधी थेट जोडणी होत नाही, तेव्हा मध्ये एक सर्व्हर लागतो. आठवतं? नाशिकला शिकताना आई एसटीच्या कंडक्टरकडे नागलीच्या भाकरीचा डबा द्यायची. तसंच हे, फक्त डब्याला कुलूप आणि किल्ली कंडक्टरकडे नाही.

पण हे काम बिनचूक नाही. दोन्हीकडचे टॅब शेवटपर्यंत उघडे लागतात. मैत्रिणीचा भाऊ पेठमध्ये लॅपटॉप घेऊन बसला होता. पाऊस आला, वीज गेली, मागोमाग नेटवर्क गेलं आणि ऐंशी टक्क्यांवर फाईल तुटली. पुन्हा पहिल्यापासून! मग मी फाईलचे लहान तुकडे केले आणि रात्री एकेक पाठवला. तुटला तर तेवढाच तुकडा परत.

चार गोष्टी लक्षात ठेवा. लिंक ग्रुपवर टाकू नका, एकालाच द्या. ती त्यालाच मिळाली ना, हे फोन करून विचारा. अनोळखी माणसाशी असं थेट जोडू नका, कारण तुमच्या नेट जोडणीचा पत्ता त्याला दिसू शकतो. आणि वाट दाखवणाराच खोटा निघू शकतो, म्हणून साइट माहितीतली घ्या. जातवैधतेचे किंवा जमिनीचे कागद असतील तर आधी फाईललाच पासवर्ड लावा आणि तो फोनवर सांगा.

एवढं करूनही एक गोष्ट कुठल्याच तंत्राला जमत नाही. फाईल पोचल्यावर समोरचा ती पुढे पाठवणार नाही, याची हमी माणसालाच द्यावी लागते. तिच्या भावाने ती दिली. माझ्याकडची प्रत मी पुसली.

दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. म्हणाल्या, "चार वेळा बघितलं. ती हसते तिथं भाऊ थांबवून देतो."

म्हणून तो नाच आज पडद्यावर नव्हता. आजचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी, त्यात जे दिसतात त्यांना एकदा विचारा, एवढीच विनंती.