रंग न लावता गाठ ओळखणारा लेसर

मेंदूचं ऑपरेशन चालू असताना काढलेला तुकडा कसल्या गाठीचा, हे लॅबमध्ये गोठवून, रंगवून कळायला 20-30 मिनिटं जातात. तोवर पेशंट टेबलावरच.

स्टिम्युलेटेड रामन मायक्रोस्कोपीत रंग लागतच नाही. ताज्या तुकड्यावर दोन लेसर सोडायचे. त्यांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक रेणूच्या कंपनाशी जुळला, की प्रकाश किंचित बदलतो. तो बदल मोजला, की चरबी आणि प्रथिनं वेगवेगळी दिसतात. मुळात आहे 1928 चा रामन परिणाम. 2008 मध्ये हार्वर्डच्या टीमने यातून जिवंत पेशी पाहिल्या.

2020 मध्ये आलेल्या, 278 पेशंट्सच्या अमेरिकन चाचणीत एआयने अडीच मिनिटांच्या आत निदान दिलं. अचूकता 94.6 टक्के, पॅथॉलॉजिस्टची 93.9. पण कोड लिहिणारा म्हणून मला भावलं ते वेगळंच: डॉक्टर जिथे चुकले, तिथे मॉडेल बरोबर होतं. मग दोघांना शेजारी बसवूया की! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.