परदेशी दूध भुकटी आणि आपल्या दुधाचा भाव

(मालेगाव, जि. वाशीम येथे दूध उत्पादकांपुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



सोयाबीन-तुरीच्या या भागात दुधाचा पैसा घरखर्चाला आधार देतो. हा भाव फक्त गावच्या संकलन केंद्रावर ठरत नाही. दूध जास्त झाले की डेअऱ्या त्याची भुकटी करून ठेवतात. भुकटीला गिऱ्हाईक नसले की आपल्या दुधाचा खरेदीदर उतरतो. जुलै २०१८ मधील राज्यातील दूध आंदोलनामागे भुकटीचे पडलेले भाव हेही कारण होते. म्हणून बाहेरून येणाऱ्या भुकटीचे नियम आपल्याला माहीत हवेत.

वर्गवारी कशी होते?

सीमाशुल्काच्या यादीत साधे दूध व साय ०४०१ या शीर्षकात येते. पाणी आटवलेले किंवा साखर घातलेले दूध ०४०२ मध्ये जाते. त्यातही पोट-भाग आहेत. १.५ टक्क्यांपर्यंत स्निग्धांश असलेली भुकटी ०४०२.१०, त्याहून जास्त स्निग्धांशाची बिनसाखरेची ०४०२.२१, तर साखर घातलेले आटीव दूध, म्हणजे कंडेन्स्ड मिल्क, ०४०२.९९ मध्ये बसते. कोणत्या भागात माल बसतो त्यावर शुल्क ठरते. म्हणून स्निग्धांश आणि साखर यांची तपासणी महत्त्वाची.

शुल्काचा इतिहास

गॅट करारात भारताने भुकटीवर शून्य शुल्काचे बंधन स्वीकारले होते. ते १९९९ अखेर पुन्हा वाटाघाटी करून बदलले. तेव्हापासून वर्षाला १०,००० टन भुकटी १५ टक्के शुल्काने येऊ शकते; त्यापुढील मालावर ६० टक्क्यांपर्यंत शुल्क लावता येते. जून २०२० मध्ये टाळेबंदीने दुधाची मागणी घटली असताना या १०,००० टनांच्या आयातीची अधिसूचना निघाली, तेव्हा दूध उत्पादकांनी विरोध केला. हिशेब करून पाहा. एक किलो भुकटीला सुमारे ११ लिटर स्निग्धांश काढलेले दूध लागते. म्हणजे १०,००० टन भुकटी म्हणजे सुमारे ११ कोटी लिटर दूध!

आणखी अटी

केवळ शुल्क भरून माल सुटत नाही. केंद्रीय पशुसंवर्धन खात्याचा आयात परवाना व निर्यातदार देशाच्या पशुवैद्यकाचा दाखला लागतो. ज्या जनावरांचे दूध आहे त्यांना रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या अवयवांपासून किंवा रक्तापासून केलेले खाद्य दिलेले नाही, असे त्यात नमूद हवे. अन्न सुरक्षा प्राधिकरण बंदरावर नमुने तपासते. मेलामाइनच्या भेसळीमुळे सप्टेंबर २००८ मध्ये चीनच्या दुग्धजन्य मालावर बंदी आली, ती पुढे वाढवत नेली गेली.

आपण काय करावे?

परदेशी मालाला लावतो तीच कसोटी आपल्या दुधालाही लागते.

१. दूध घालताना फॅट व एस.एन.एफ.ची पावती मागून घ्या. भुकटी एस.एन.एफ.पासूनच होते.

२. दगडीवर प्रतिजैविक दिले असल्यास पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत ते दूध केंद्रावर घालू नका.

३. लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर टोचून नोंद ठेवा. हा रोग निर्यातीच्या वाटेत मोठी अडचण आहे.

४. भुकटी आयातीची अधिसूचना निघाली की दूध संस्थेच्या सभेत तो विषय घ्या आणि ठराव करून शासनाकडे पाठवा.

शुल्काची भिंत सरकारच्या हातात आहे. दुधाची प्रत आपल्या हातात आहे. दोन्हींकडे लक्ष ठेवा, एवढे सांगून मी माझे भाषण संपवतो.