शिक्षणाचे मोल आणि बाजार
(रोहिणखेड येथील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचे कौतुक झालेच आहे. आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत ते पालकांशी.

आपले वऱ्हाड कापसाचे. १८७० साली जलंब-खामगाव हा लोहमार्गाचा फाटा पडला तो कापसासाठीच. जिनिंग-प्रेसिंगमध्ये तेव्हापासून खपे ते अंगबळ. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र शासनाचे कापूस तंत्रज्ञान अभियान आले, कारखान्यांचे आधुनिकीकरण झाले, आणि डोक्यावरून जाणारा कापूस वाऱ्याच्या झोताने नळीतून जाऊ लागला. हमाली घटली, परंतु मोटार जळाली की फिटर-वायरमनवाचून कारखाना ठप्प. यंत्राने मजुरी एका हातातून काढून दुसऱ्या हाती दिली.

आता दुसरी बाजू पाहा. आम्ही मॅट्रिक होऊन मास्तर झालो, तेवढ्यावर संसार झाला. तेच डोळ्यांपुढे ठेवून घरोघरच्या मुलामुलींनी डी.एड. केले, कित्येकांनी त्यापायी शेत गहाण टाकले. मे २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरती थांबविली; २०१३ पासून पात्रता परीक्षा, डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी. मुले हुशारच होती, पण घेणारा एकच आणि तोच दार लावून बसलेला! त्यांतील काही आज दुकानात हिशेब लिहितात.

म्हणजे पदवी फुकट, असे आमचे म्हणणे नव्हे. नोकरी लागली तर पदवीधराची मिळकत अधिकच असते. मात्र ती लागेपर्यंत थांबावे लागते. केंद्राच्या २०२२-२३ च्या श्रमबल सर्वेक्षणात एकंदर बेकारी ३.२ टक्के, तर पदवीधरांत १३.४ टक्के आढळली. निरक्षराला रिकामे बसणे परवडत नाही, म्हणून तो बेकारांत मोजला जात नाही; त्याची मजुरी मात्र तुटपुंजीच राहते.

शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. इतकी वर्षे आयटीआय दारात असूनही आपल्या समाजात ‘नापासांची शाळा’ हाच तिचा लौकिक, आणि सोयरीक जुळविताना वायरमनपेक्षा बेकार बी.ए. वरचढ! या हिशेबाचे आम्हांस नवल वाटते.

मंडळाची शिष्यवृत्ती आजवर केवळ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस मिळते. पुढील वर्षापासून तिचा निम्मा भाग आयटीआयच्या मुलामुलींसाठी राखून ठेवावा, असा ठराव आम्ही या सभेपुढे मांडीत आहोत. अध्यक्षमहाराजांनी तो मतास टाकावा.