आरशावरचा शेवटचा थर

(हौशी दुर्बीणकारांच्या शिबिरात पदार्थविज्ञानाच्या एका अध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



दुर्बिणीचा आरसा घरच्या घरी घासून तयार करता येतो, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. काचेच्या दोन जाड तबकड्या, कार्बोरंडमची पूड, राळेचा थर, सिरियम ऑक्साईड आणि भरपूर चिकाटी एवढ्या भांडवलावर विद्यार्थी पंधरा सेंटिमीटर व्यासाचा आरसा घडवू शकतो. काचेचा आकार बरोबर आला की नाही, हे पाहण्याची सोपी कसोटी फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1858 मध्ये शोधून काढली. बारीक छिद्रातून येणारा दिव्याचा प्रकाश आणि दाढीचे पाते एवढ्या साहित्याने प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाएवढी चूकही डोळ्यांना दिसते.

परंतु इतक्या परिश्रमाने घडविलेली ही काच आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे चार टक्केच परत पाठविते. तिच्यावर धातूचा थर चढेपर्यंत तिला दुर्बिणीचा आरसा म्हणता येत नाही. हा शेवटचा थर कसा दिला जातो आणि तो कोणी व कोठे द्यावा, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

धातूच्या आरशापासून चांदीच्या थरापर्यंत

न्यूटनने 1668 मध्ये पहिली परावर्ती दुर्बीण बनविली, तेव्हा तिचा आरसा तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा होता. असा आरसा नवा असताना फार तर दोनतृतीयांश प्रकाश परावर्तित करी आणि हवेत लवकरच काळवंडे. तो पुन्हा चकचकीत करावा, तर मूळचा आकार बिघडण्याची भीती असे. रासायनिक क्रियेने काचेवर चांदी चढविण्याची रीत लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिली. 1856–57 च्या सुमारास जर्मनीत श्टाइनहाइल आणि फ्रान्समध्ये फूको यांनी तिचा उपयोग दुर्बिणीसाठी केला. या बदलाचे मोठेपण असे की, आकार आणि झळाळी या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या झाल्या. थर खराब झाला तर तो रसायनाने काढून नवा द्यावा; खालच्या काचेचा आकार जसाच्या तसा राहतो.

या इतिहासात हौशी माणसाचे स्थान पहिल्यापासून मानाचे आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे जॉन ब्रॅशियर हा पोलादाच्या कारखान्यात यंत्रकारागीर होता. दिवसा नोकरी करून रात्री तो पत्नीच्या साहाय्याने काच घासत असे. बारा इंची आरसा मोठ्या कष्टाने पूर्ण झाला आणि चांदी चढविताना तडकला. ब्रॅशियरने दुसरी तबकडी घासली आणि चांदी चढविण्याची अधिक सुरक्षित कृतीही शोधून काढली. ती त्याने स्वतःपुरती ठेवली नाही; ती छापून प्रसिद्ध केली आणि पुढे जगभरच्या हौशी दुर्बीणकारांनी तिचा उपयोग केला.

चांदीच्या थराला मात्र दोन दोष आहेत. हवेतील गंधकाच्या संयुगांनी तो काळा पडतो. दुसरा दोष धोक्याचा आहे. सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनिया यांचे द्रावण साठवून ठेवल्यास त्यात स्फोटक साका तयार होतो. म्हणून हे द्रावण कामापुरते आणि आयत्या वेळीच करावे. उरलेले द्रावण लगेच निकामी करून टाकावे आणि हे सारे जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे.

ॲल्युमिनियम आणि निर्वात

चांदीची जागा ॲल्युमिनियमने घेतली ती 1930 नंतरच्या दशकात. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जॉन स्ट्राँग यांनी निर्वातात ॲल्युमिनियमची वाफ करून ती काचेवर बसविण्याचे तंत्र सिद्धीस नेले. 1935 मध्ये माउंट विल्सनवरील शंभर इंची दुर्बिणीच्या आरशाला असा थर मिळाला. ॲल्युमिनियम सुमारे 88 ते 90 टक्के दृश्य प्रकाश परावर्तित करते. नव्या चांदीपेक्षा हे थोडे कमी आहे. पण हवेत त्यावर ऑक्साईडचा जो पातळ पापुद्रा बसतो, तो पारदर्शक असतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. म्हणून हा थर वर्षानुवर्षे टिकतो.

ही कृती ऐकायला सोपी वाटते. टंगस्टनच्या तारेच्या वेटोळ्यावर ॲल्युमिनियमचे लहान तुकडे अडकवावयाचे, विजेच्या प्रवाहाने तार पांढरीशुभ्र तापवायची, की धातूची वाफ होऊन ती समोरच्या काचेवर बसते. थराची जाडी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग एवढी पुरे होते. पंधरा सेंटिमीटरच्या आरशावर प्रत्यक्षात जेमतेम पाच मिलिग्रॅम ॲल्युमिनियम बसते.

अडचण आहे ती हवेची. आपल्या भोवतालच्या हवेत रेणू मिलिमीटरच्या सुमारे पंधरा हजाराव्या भागाएवढे अंतर तोडतो न तोडतो, तोच दुसऱ्या रेणूवर आदळतो. अशा गर्दीतून धातूची वाफ आरशापर्यंत सरळ पोहोचणार नाही. दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटरवरून एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापर्यंत उतरविला, तर हाच मुक्त मार्ग सुमारे अर्धा मीटर होतो. त्याहूनही दाब कमी केला, की तार आणि आरसा यांतील हातभर अंतर ॲल्युमिनियमचे बहुतेक अणू विनाअडथळा ओलांडतात.

पंपाहून स्वच्छता मोठी

असा निर्वात दोन टप्प्यांत मिळतो. तेलात फिरणारा रोटरी पंप पहिला मोठा टप्पा गाठतो. पुढचे काम डिफ्यूजन पंप करतो. त्यात खास तेल उकळते आणि त्याच्या वाफेचा वेगवान झोत उरलेले रेणू खाली ढकलतो. हे तेल गरम असताना हवा आत शिरली तर ते खराब होते. म्हणून झडपा कोणत्या क्रमाने उघडावयाच्या, हे आधी कागदावर लिहून ठेवावे लागते.

तथापि निर्वात केवळ पंपाने मिळत नाही. कक्षाच्या भिंतीवर एक मिलिग्रॅम पाणी चिकटून राहिले आहे असे समजा. आपल्याला हव्या असलेल्या दाबाला त्याची वाफ सुमारे दहा हजार लिटर जागा व्यापते! एवढी वाफ पंपाला ओढून काढावी लागते. बोटाचा ठसा, गंजाचा डाग, जुने रबर, जास्तीचे ग्रीस हे सारे असेच हळूहळू वायू सोडीत राहतात. त्यात सांध्यांची गळती वेगळी. म्हणून पंप मिळविण्यात जेवढे दिवस जातात, त्याहून अधिक दिवस गळती शोधण्यात जातात.

आरशाचेही तसेच आहे. कल्हईवाला आधी भांडे स्वच्छ करून घेतो, मगच कल्हई धरते. काचेवर तेलकटपणा राहिला तर ॲल्युमिनियम बसल्यासारखे दिसते आणि पुसताच निघून येते. धुतलेल्या काचेवर शुद्ध पाण्याचा पातळ पडदा कोठेही न फाटता पसरला, तरच काच स्वच्छ झाली असे समजावे.

धोक्याची जाणीव

वातावरणाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम असतो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हा भार सातशे किलोग्रॅमच्या वर जातो. काचेची हंडी वापरली आणि तिला बारीकशी चीर असली, तर ती आत कोसळून तिचे तुकडे चोहोकडे उडतात. म्हणून कक्ष धातूचा असावा, अथवा हंडीभोवती भक्कम जाळी असावी, आणि जवळच्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. थर देण्यापूर्वी विद्युत्‌विसर्जनाने काच साफ करण्याची पद्धत आहे. त्यासाठी लागणारा उच्च दाबाचा विद्युत्‌पुरवठा प्राणघातक ठरू शकतो. शीतकपाटाच्या जुन्या कॉम्प्रेसरने पाणी साध्या तापमानाला उकळवून दाखविता येते, निर्वातात घंटेचा आवाज मंदावतो हे दाखविता येते. त्याने ॲल्युमिनियमचा थर मात्र देता येत नाही.

एकट्याने की मिळून?

मग हौशी माणसाने हा नाद सोडून द्यावा काय? तसे माझे मत नाही. अमेरिकेत 1926 मध्ये ‘ॲमॅच्युअर टेलिस्कोप मेकिंग’ हे पुस्तक निघाले आणि सामान्य व्यवसायांतील असंख्य माणसे आरसे घासू लागली. स्ट्राँग यांच्या 1938 च्या ‘प्रोसिजर्स इन एक्स्पेरिमेंटल फिजिक्स’ या ग्रंथाने अनेकांना निर्वाताची वाट दाखविली. त्यांपैकी काहींनी आपल्या तळघरात वा गॅरेजमध्ये निर्वात कक्ष उभे केले. आपल्याकडेही ही परंपरा नवी नाही. पुण्यात 1888 मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत वीस इंची परावर्ती दुर्बीण उभी राहिली. पुण्याचीच ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणीत आली आहे. तमिळनाडूतील कावलूर येथे 1986 मध्ये वेणू बाप्पू यांचे नाव दिलेली 2.34 मीटरची दुर्बीण देशातच घडविली गेली आणि तिच्या आरशाला थर देणारा निर्वात कक्ष वेधशाळेच्या आवारातच आहे.

कावलूरच्या या व्यवस्थेत आपल्यासाठीही एक धडा आहे. आरसा जेथे वापरला जातो, तेथून थर देण्याची सोय फार दूर नसावी. आज लहान गावातील मुलाने घासलेला आरसा थरासाठी दूरच्या शहरी पाठवावा लागतो. वाटेत तो फुटण्याची भीती, खर्चाचा भार आणि काही वर्षांनी पुन्हा तीच यातायात! यामुळे कित्येक चांगले आरसे कापडात गुंडाळून कपाटात पडून राहतात.

माझी सूचना अशी आहे. काच घासणे हे ज्याचे त्याने घरी करावे. त्यात एकांताचा आनंद आहे. निर्वाताचे काम मात्र मिळून करावे. जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात एक मध्यम आकाराचा कक्ष असावा. त्याची देखभाल प्राध्यापक, एक कुशल जोडारी आणि विजेचे काम जाणणारा एक माणूस यांनी मिळून करावी. वर्षातून ठराविक दिवशी शाळांचे आणि हौशी मंडळांचे आरसे तेथे यावेत. कोणत्या आरशाला कधी, किती दाबाला थर दिला, याची नोंदवही ठेवावी. पाच वर्षांच्या नोंदींतून आपल्या दमट किनारपट्टीत थर किती टिकतो आणि कोरड्या पठारावर किती, हेही हाती येईल. विद्यार्थ्यांनी हा उद्योग डोळ्यांनी पाहावा, गळती शोधण्यात हात घालावा. निर्वात तंत्रावर आज अनेक उद्योग उभे आहेत आणि तेथे अशा हातांची गरज आहे.

ब्रॅशियरने आपली कृती छापली म्हणून इतरांचे आरसे वाचले. आपणही आपले साहित्य आणि आपले ज्ञान एकत्र ठेवले, तर कपाटात पडलेल्या त्या आरशांतून गावोगावच्या मुलांना शनीची कडी पाहता येतील.