गाडी नावावर होते, तपासली जात नाही

ओळखीतल्या ओळखीत जुनी कार विकली जाते तेव्हा आपल्याकडे व्यवहार साधारण ठरलेला असतो. सोसायटीभोवती एक चक्कर, बॉनेट उघडून एक नजर, एसी लावून बघायचा, चहा, टोकन. मग टीटी, म्हणजे मालकी बदलाच्या, फॉर्मवर सह्या होतात, एजंट कागद घेऊन आरटीओत जातो आणि काही दिवसांनी नव्या मालकाच्या नावाचं आरसी येतं. या सगळ्यात त्या गाडीचे ब्रेक नीट लागतात का, हे सरकारतर्फे कोणी बघितलं? कोणीच नाही. आणि यात कोणी कामचुकारपणा केला असंही नाही, कारण कायदा तशी तपासणी मागतच नाही.

रिक्षा, टॅक्सी, टेम्पो यांना ठरावीक मुदतीनं पासिंग करून घ्यावंच लागतं. घरच्या कारचं तसं नाही. तिची नोंदणी एकदा झाली की 15 वर्षं चालते आणि तेवढा काळ फिटनेसचा वेगळा दाखला लागत नाही. 15 वर्षं झाली की रिपासिंग, पुढच्या पाच वर्षांसाठी, आणि तेव्हा मात्र गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. म्हणजे 14 वर्षं पळालेली गाडी विकताना आरसी हवं, विमा हवा, पीयूसी हवं, फॉर्म 29 आणि 30 हवेत, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हवा. यातला गाडीला प्रत्यक्ष हात लावून मिळणारा कागद एकच, पीयूसी. सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात. स्टिअरिंगबद्दल किंवा ब्रेकबद्दल तो कागद अवाक्षर काढत नाही. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट नसेल तर महाराष्ट्रात हस्तांतरणाचं काम अडतं. प्लेटसाठी व्यवहार थांबतो, गुळगुळीत टायरसाठी थांबत नाही.

बाहेरच्या देशांत काय करतात? ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात नोंदणी असलेली गाडी विकायला काढायची, तर सर्वसाधारणपणे आधी सुरक्षा दाखला हातात हवा. खाजगी विक्रीसाठी तो दोन महिने किंवा 2,000 किलोमीटर, जे आधी होईल तोवर चालतो. न्यूझीलंडमध्ये गाडी ताब्यात देताना तपासणीचा दाखला महिन्याच्या आतला लागतो. नसेल तर घेणाऱ्याची लेखी संमती लागते. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी ही चाचणी द्यावी लागते, आणि तिचा निकाल गाडीचा नंबर टाकला की कोणालाही फुकट बघता येतो. कोणत्या साली काय नापास झालं, तेव्हा मीटर किती होतं, सगळं. मला विचाराल तर यात ब्रिटनची रीत सरस. विकण्यापुरता एक दाखला ओळखीच्या गॅरेजमधून काढता येतो. दहा वर्षांच्या मीटरच्या नोंदी कोण बदलणार?

आपल्याकडे तपासणी सक्तीची नसली, तरी जाब विचारायची सोय कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 190 सांगतं की, माहीत असलेला किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर चालवणं हा गुन्हा आहे. म्हणजे चावी हातात आली की ती साधी काळजी घेणं तुमच्याकडे आलं.

तेव्हा गाडी मेकॅनिककडे न्या, आणि तो विकणाऱ्याचा नव्हे, आपला असू द्या. लिफ्टवर चढवून खालून बघायला सांगा. गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन आधी सुरू करून ठेवू नका असं सांगून जा. पोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवला की सांगितलेलं पाळलंय का ते कळतं. गार इंजिन सुरू होताना आपली दुखणी लपवत नाही. टायरवर चार आकडे असतात. 2319 असेल तर टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर जुनं असू शकतं, म्हणून हे आकडे वाचायचे. आणि सीट बेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बघा. 2019 चा सांगली-कोल्हापूरचा पूर, 2021 चा चिपळूणचा, अशा पुरांत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकतात. सीट कव्हर नवं मिळतं, गालिचा नवा मिळतो. पण आत गुंडाळलेल्या पट्ट्याच्या टोकावर गाळाची तपकिरी रेघ बऱ्याचदा तशीच राहते. विकणारा गॅरेजला गाडी न्यायला नाही म्हणाला, तर किंमत कितीही चांगली वाटो, तिथून उठावं.

आता विकणाऱ्यांसाठी. तुम्हीच अशी तपासणी करून बिल घेणाऱ्याच्या हातात ठेवलंत, तर घासाघीस कमी होते आणि मागाहून भांडण उरत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट नावाची. विक्रीची खबर 14 दिवसांत आरटीओला द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि 30 दिवसांत गाडी नावावर करण्यासाठी अर्ज करायची घेणाऱ्याची. कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या देऊन मोकळं होणाऱ्यांनी 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल लक्षात ठेवावा. गाडी हातोहात पुढं विकली गेली होती, कागदावर नाव मात्र पहिल्याच मालकाचं. अपघात झाला, जीव गेला, आणि भरपाईची जबाबदारी न्यायालयानं त्या नोंदणीकृत मालकावर ठेवली. गाडी डीलरकडे ठेवून विकत असाल, तर 1 एप्रिल 2023 पासून अधिकृत डीलरच्या ताब्यात गाडी दिल्याची नोंद पोर्टलवर होते आणि पुढची जबाबदारी त्याच्याकडे जाते. ती नोंद झाल्याशिवाय चावी देऊ नका. विम्याचं नावही 14 दिवसांत बदलायला घ्यावं, नाहीतर घेणाऱ्याला आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मागताना अडचण येते. नो क्लेम बोनस मात्र विकणाऱ्याचा, तो गाडीबरोबर जात नाही.

पैसे खात्यात आले म्हणजे गाडी गेली, असं धरून बसू नका. फॉर्म 29 दिल्याची पोच जपून ठेवा. महिनाभरानं वाहन पोर्टलवर आपल्या जुन्या गाडीचा नंबर टाकून बघा. नाव बदललं नसेल तर घेणाऱ्याला फोन करा, आणि तो टाळाटाळ करत असेल तर ती पोच घेऊन थेट आरटीओ गाठा.